गार्सिया आडनाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश फुटबॉल पाहणारे, लॅटिन अमेरिकन कादंबऱ्या वाचणारे, अमेरिकेत नोकरी करणारे आणि आखातात फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर काम करणारे अशा सगळ्यांकडून या आडनावाबद्दल सतत विचारणा होते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा: गार्सिया हे एका घराण्याचं आडनाव नाही. एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या असंख्य घरांना ते वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी मिळालं. बहुतेक गैरसमज हे न कळल्यामुळे झालेले आहेत.

१. गार्सिया हे स्पेनमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे, हे खरं का?

हो, आणि बरंच पुढे आहे. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या आकडेवारीनुसार पहिलं आडनाव गार्सिया असलेले सुमारे साडेचौदा लाख लोक स्पेनमध्ये आहेत, म्हणजे दर शंभरात तीन. त्याखालोखाल रॉड्रिगेझ, गोन्झालेझ, फर्नांडेझ, लोपेझ आणि मार्टिनेझ येतात, पण त्यांतलं एकही दहा लाखांपर्यंत पोचत नाही. 'पहिलं आडनाव' असं का म्हटलं, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

२. उच्चार नेमका काय? गार्सिया, गार्थिया की गार्शिया?

माद्रिद आणि उत्तर-मध्य स्पेनमध्ये 'गार्थीया' ऐकू येईल. तिथला 'थ' जीभ दातांमध्ये हलकेच आणून काढतात. अंदालुसियाचा बराच भाग, कॅनरी बेटं आणि संपूर्ण लॅटिन अमेरिकेत 'गार्सीया' म्हणतात. दोन्ही शुद्धच. जोर कायम 'सी'वर असतो, म्हणून स्पॅनिश लेखनात त्या स्वरावर तिरकी रेघ देतात. 'गार्शिया' मात्र स्पॅनिशमध्ये कुठेच नाही, तो उच्चार इंग्रजीच्या वाटेने आलेला आहे. मराठीत 'गार्सिया' रुळलं आहे आणि ते ठीकच आहे.

३. या नावाचा मूळ अर्थ काय?

यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नाव पिरेनीज पर्वताच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या बास्क भाषेच्या टापूतलं, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे. नवव्या शतकापासून उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोना राज्याच्या राजांमध्ये ते दिसतं. पर्वतापलीकडे, आजच्या फ्रान्समधल्या गास्कनीच्या सरदारांमध्येही त्याच सुमारास ते सापडतं. लॅटिन दस्तऐवजांत ते 'गार्सेआ' किंवा 'गार्सियास' असं लिहिलेलं आढळतं.

अर्थाबद्दल दोन तर्क चालतात. बास्क भाषेत अस्वलाला 'हार्त्स' म्हणतात, त्यावरून 'अस्वल' हा पहिला. 'गास्ते' म्हणजे तरुण, त्यावरून 'तरुण', 'धाकटा' हा दुसरा. पहिल्या तर्कात सुरुवातीच्या 'ग'चा खुलासा द्यावा लागतो आणि दुसऱ्यात मधल्या 'र'चा. अस्वलाचा अर्थ लोकांना अधिक भावतो, म्हणून तोच सगळीकडे छापला जातो. पण आवडला म्हणून तो सिद्ध झाला असं होत नाही.

'जर्मन भाषेतल्या भाल्यावरून आलेलं नाव' असंही अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. रोद्रिगो, गोन्झालो, फर्नांदो ही नावं व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीच्या लोकांबरोबर आलेली, जर्मानिक वळणाची आहेत हे खरं आहे. तोच नियम गार्सियालाही लावून टाकल्यामुळे हा घोळ झाला असावा. उलट स्पेनमधल्या आघाडीच्या आडनावांत गार्सिया उठून दिसतं ते याचसाठी, की त्याची मुळं तिथल्या मातीतल्या, लॅटिनच्याही आधीच्या भाषेत शोधावी लागतात.

४. म्हणजे गार्सिया हे आधी आडनाव नव्हतंच?

नव्हतं. ते पुरुषाचं पाळण्यातलं नाव होतं. मध्ययुगातल्या स्पेनमध्ये माणसाच्या नावापुढे बापाच्या नावाला 'एस' किंवा 'एझ' जोडून लावत. रोद्रिगोचा मुलगा रॉड्रिगेझ, सांचोचा सांचेझ, तसा गार्सियाचा गार्सेस.

पाम्प्लोनाच्या राजांची यादी समोर ठेवली की हे लख्ख दिसतं. ९०५ साली गादीवर आला सांचो गार्सेस, म्हणजे गार्सियाचा मुलगा सांचो. त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ. त्याचा मुलगा पुन्हा सांचो गार्सेस, त्याचा पुन्हा गार्सिया सांचेझ. मग आला 'थोरला' म्हणून इतिहासात गाजलेला तिसरा सांचो गार्सेस (१००४ ते १०३५) आणि त्याच्यामागून नाहेराचा गार्सिया सांचेझ, जो १०५४ साली लढाईत पडला. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपल्याकडची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही साखळी समजावून सांगावी लागणार नाही. या सगळ्यांत 'गार्सिया' आणि 'सांचो' ही नावं आहेत, 'गार्सेस' आणि 'सांचेझ' ही बापाची ओळख. पिढी बदलली की मागचा शब्दही बदलायचा.

म्हणूनच १५४० साली ग्रँड कॅन्यन पाहणारा पहिला युरोपीय मानला जाणारा गार्सिया लोपेझ दे कार्देनास याचं आडनाव गार्सिया नव्हे. 'गार्सिलासो' या जुन्या स्पॅनिश पुरुषनावातही 'गार्सिया लासो' दडलेलं आहे.

५. मग आज गार्सेसपेक्षा गार्सियाच इतके जास्त कसे?

सगळ्याच नावांना शेपूट जोडलं गेलं नाही. काही नावं जशीच्या तशी बापाची ओळख म्हणून लावली जात: मार्टिन, अलोन्सो आणि गार्सिया ही त्यांतली ठळक. त्यामुळे 'पेद्रो गार्सिया' म्हणजेच गार्सियाचा मुलगा पेद्रो, असं कास्तिलमध्ये सर्रास चाले. 'गार्सेस' हे रूप नवारा आणि आरागोन भागात अधिक टिकलं.

पुढे बापाप्रमाणे पिढीगणिक बदलणारी ओळख गोठून कायमचं आडनाव झाली. हे एका दिवसात, एका हुकमाने झालेलं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातही सख्ख्या भावंडांची आडनावं वेगवेगळी असत: एक बापाचं लावी, दुसरा आईचं, तिसरा वारसा देणाऱ्या आजीचं. ओळख गोठायला लागली त्या काळात गार्सिया नावाच्या ज्या ज्या पुरुषाची मुलंबाळं होती, तिथे तिथे एक स्वतंत्र गार्सिया घराणं सुरू झालं. राजघराण्यात शतकानुशतकं वापरलं गेल्यामुळे नाव प्रतिष्ठेचं होतं, त्यामुळे असे पुरुष गावोगाव होते.

गंमत अशी की आडनाव जसं पसरलं तसं पाळण्यातलं नाव मागे पडलं. आज स्पेनमध्ये मुलाचं नाव गार्सिया ठेवलेलं क्वचितच सापडेल.

६. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं का असतात? त्यातलं 'खरं' कोणतं?

दोन्ही खरी. पहिलं परंपरेने वडिलांचं पहिलं आडनाव, दुसरं आईचं पहिलं आडनाव. लग्नानंतर स्पेनमधली बाई आडनाव बदलत नाही. नागरी नोंदणी १८७१ पासून सुरू झाली आणि ही पद्धत कायद्याने पक्की होत गेली. १९९९ च्या कायद्याने आईचं आडनाव आधी लावायची मुभा आली. ३० जून २०१७ पासून तर वडिलांचं आपोआप आधी हा नियमच गेला. आता आईवडिलांनी क्रम ठरवून सांगायचा असतो.

गार्सियाच्या बाबतीत दुसरं आडनाव विशेष कामाचं. शाळेच्या एका वर्गात तीन गार्सिया असले तर हजेरी घेताना त्यांना वेगळं करणारं तेच असतं. दोन्ही बाजूंनी गार्सिया, म्हणजे 'गार्सिया गार्सिया' असे सुमारे पाऊण लाख लोक स्पेनमध्ये आहेत. त्यांच्या आईवडिलांचं आधीपासून काही नातं होतं असं यातून निघत नाही.

७. 'मार्क्वेझ' म्हणावं की 'गार्सिया मार्क्वेझ'? आणि लोर्का?

मराठी वाचकांकडून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. कोलंबियाचा कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्क्वेझ याला आपल्याकडे लेखांत सर्रास 'मार्क्वेझ' असं लिहितात. स्पॅनिशभाषक तसं म्हणत नाहीत. गाब्रिएल हे नाव, गार्सिया वडिलांकडचं, मार्क्वेझ आईकडचं. लिहिताना 'गार्सिया मार्क्वेझ' असं पूर्ण लिहावं, आणि ग्रंथालयात पुस्तक शोधायचं तर 'ग'खाली शोधावं. मराठीत 'मार्क्वेझ' आता रुळलं आहे हे मान्य, पण आडनावातलं पहिलं पद गाळणं मला योग्य वाटत नाही. त्यात माणसाच्या वडिलांची बाजूच पुसली जाते.

त्याच्या घरातला गार्सिया मात्र वेगळ्याच वाटेने आला आहे. वडील गाब्रिएल एलिहिओ यांच्या आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांनी आईचं, म्हणजे आर्हेमिरा गार्सियाचं आडनाव लावलं. म्हणजे जगातल्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध गार्सियाला हे आडनाव आजीकडून मिळालं.

लोर्काची गोष्ट निराळी. स्पॅनिश कवी आणि नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का (१८९८ ते १९३६) याचे वडील गार्सिया, आई लोर्का. स्पेनमध्येही त्याला नुसतं 'लोर्का' म्हणतात. पहिलं आडनाव फार सर्वसामान्य असेल आणि दुसरं उठावदार, तर लोकांच्या तोंडी दुसरंच राहतं. पाब्लो रुईझ पिकासोचा पिकासो झाला तो असाच. स्पेनचे माजी पंतप्रधान होसे लुईस रॉड्रिगेझ झापातेरो हेही झापातेरोच राहिले. औपचारिक लेखनात मात्र तिथेही 'गार्सिया लोर्का' असंच येतं.

८. सगळे गार्सिया एकमेकांचे लांबचे नातेवाईक असतात का?

नाही. कारण प्रश्न ५ मध्ये आलंच आहे. १९८२ सालची नोबेल पारितोषिकं पाहा: साहित्याचं कोलंबियाच्या गाब्रिएल गार्सिया मार्क्वेझला, आणि शांततेच्या पारितोषिकात एक वाटेकरी मेक्सिकोचे मुत्सद्दी अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस. एकाच वर्षी दोन गार्सिया, पण भावकी नाही.

९. अमेरिकेत गार्सिया इतके का भेटतात?

कारण तिथेही ते आता अगदी वरच्या रांगेत आहे. २००० च्या जनगणनेत गार्सिया आठव्या क्रमांकावर होतं. तिथल्या पहिल्या दहांत स्पॅनिश आडनावं प्रथमच आली ती तेव्हा. २०१० मध्ये ते सहाव्या क्रमांकावर गेलं: ११ लाख ६६ हजारांहून अधिक लोक. त्याच्या पुढे होते ते फक्त स्मिथ, जॉन्सन, विल्यम्स, ब्राउन आणि जोन्स.

मोठा ओघ मेक्सिकोतून आला. तिथे हर्नांडेझ पहिलं आणि गार्सिया त्याच्या पाठोपाठ. पण टेक्सस, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्नियातली काही गार्सिया कुटुंबं १८४५ ते १८४८ दरम्यान हा मुलूख अमेरिकेकडे जाण्याच्या आधीपासून तिथेच राहत आहेत. ते स्थलांतर करून आलेच नाहीत, सीमा त्यांच्या अंगावरून गेली. त्यामुळे ऑफिसातल्या गार्सियाला 'तुम्ही मूळचे कुठले' हे जरा जपून विचारा.

कामाची एक सूचना: सहकाऱ्याचं नाव 'गार्सिया लोपेझ' असेल तर ई-मेलमध्ये 'मिस्टर लोपेझ' लिहू नका. गार्सिया हे त्याचं मधलं नाव नाही. अनेकजण हा घोळ टाळण्यासाठी दोन्हींमध्ये जोडरेघ टाकतात.

१०. फिलिपिनो लोकांचं आडनाव गार्सिया असतं, मग ते स्पॅनिश वंशाचे का?

बहुतेक नाही. फिलिपिन्सवर स्पेनची सत्ता तीनशेहून अधिक वर्षं होती. ख्रिस्ती झालेल्या पण कायम आडनाव नसलेल्या लोकांमुळे करवसुली आणि नोंदी यांत गोंधळ होतो, म्हणून गव्हर्नर नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी २१ नोव्हेंबर १८४९ रोजी फर्मान काढलं. आडनावांची एक जाडजूड वर्णानुक्रमे यादी छापण्यात आली. तिच्यातली पानं प्रांतोप्रांती गेली आणि कुटुंबांनी त्यांतून आडनाव घ्यायचं असं ठरलं. काही गावांच्या वाट्याला एकाच अक्षराची पानं आली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही 'र'ने सुरू होणारी आडनावं दाटीने सापडतात ती त्यामुळेच. ज्या घरांत एखादं आडनाव चार पिढ्या चालत आलं होतं त्यांना ते ठेवता आलं. गार्सिया आधी बाप्तिस्म्यातून पसरलेलं असल्यामुळे ते या बदलातून टिकून राहिलं असावं.

११. फिलिपिन्समध्ये आईचं आडनाव मध्ये येतं, स्पेनमध्ये शेवटी. असं का?

अमेरिकन राजवटीत फिलिपिन्सने नावाची इंग्रजी मांडणी घेतली. १९५७ ते १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष असलेले कार्लोस पी. गार्सिया यांच्यातला 'पी' म्हणजे पोलिस्तिको, त्यांच्या आईचं आडनाव. स्पेनमध्ये तेच नाव 'कार्लोस गार्सिया पोलिस्तिको' असं लिहिलं गेलं असतं. पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्येही आईचं आधी आणि वडिलांचं शेवटी, अशी रीत आहे.

१२. काहीजण त्या तिरक्या रेघेशिवाय लिहितात. चूक आहे का?

स्पॅनिशमध्ये रेघ हवी. पण कातालान आणि पोर्तुगीज भाषांच्या लेखननियमांप्रमाणे हेच आडनाव रेघेशिवायच बरोबर ठरतं. फ्रान्स, अमेरिका आणि फिलिपिन्समध्ये तर ती नोंदणीतच गळून गेली. बास्क भाषेत 'गार्त्सिया' असं लिहितात, आणि स्पेनचा कायदा आडनाव अशा रूपात बदलून घ्यायला परवानगी देतो. फ्रान्समधले बरेच गार्सिया १९३९ साली स्पेनमधलं यादवी युद्ध हरल्यावर सीमा ओलांडून गेलेल्या, किंवा त्याही आधी मजुरीसाठी गेलेल्या स्पॅनिश कुटुंबांतले आहेत.

१३. गोव्याचा गार्सिया द ओर्ता हा गार्सिया घराण्यातला होता का?

नाही, आणि प्रश्न ४ वाचला असेल तर कारण लगेच कळेल: इथे गार्सिया हे पाळण्यातलं नाव आहे, आडनाव 'द ओर्ता'. पणजीत चर्च चौकातल्या बागेला त्याचं नाव आहे, म्हणून गोव्याला जाऊन आलेले लोक हमखास विचारतात.

माणूस मात्र ओळख करून घ्यावी असाच. त्याचे आईवडील स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये ज्यूंना हाकललं तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले आणि पुढे त्यांना ख्रिस्ती व्हावं लागलं. गार्सियाने सालामांका आणि अल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यक शिकून १५३४ साली गोवा गाठला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी त्याची मैत्री होती, त्याच्यावर त्याने उपचारही केले. इथल्या वैद्य-हकिमांकडून, बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून माहिती घेत त्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी धर्मसमीक्षण न्यायालयाने (इन्क्विझिशनने) त्याच्या बहिणीला, कातारिनाला जाळून मारलं. १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळण्यात आली. गुन्हा एकच: लपूनछपून ज्यू राहिल्याचा आरोप.

१४. गोवा-वसईच्या ख्रिस्ती लोकांची आडनावं स्पॅनिश आहेत का?

नाही, पोर्तुगीज. ओळखायची सोपी खूण शेवटच्या अक्षरात आहे. स्पॅनिश लेखनात रॉड्रिगेझ, फर्नांडेझ, लोपेझ यांच्या शेवटी 'झेड' येतं, पोर्तुगीजमध्ये 'एस'. म्हणून आपल्याकडे रॉड्रिग्ज, फर्नांडिस, लोपीस. गार्सियाला असं शेपूटच नसल्यामुळे ही खूण तिथे चालत नाही. गोव्यातला एखादा गार्सिया हा पोर्तुगीज वाटेनेच आलेला समजावा. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मपिता यांचं आडनाव मिळत असे, त्यामुळे त्यावरून युरोपीय रक्त सिद्ध होत नाही. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता, म्हणून गोवा स्पॅनिश झाला होता का, असंही विचारतात. कारभार वेगळा आणि पोर्तुगीजच राहिला.

१५. गार्सिया हे ज्यू आडनाव आहे असं ऐकलं. खरं आहे?

गार्सिया आडनावाचे ज्यू वंशज आहेत, पण आडनाव ज्यू नाही. धर्मांतराच्या वेळी ज्यू आणि मुसलमान कुटुंबांनी आजूबाजूला रुळलेली ख्रिस्ती आडनावं घेतली. ज्याला गर्दीत मिसळून जायचं आहे तो सर्वांत सर्वसामान्य नाव घेणार, हे उघड आहे. म्हणूनच नुसत्या आडनावावरून काहीच ठरत नाही.

सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालमधल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा स्पेनने २०१५ मध्ये केला तेव्हा 'या आडनावांना पासपोर्ट मिळणार' अशा याद्या फिरल्या. सरकारने अशी कोणतीही यादी काढलेली नव्हती. वंशाचे पुरावे द्यावे लागत, आणि अर्जाची मुदत १ ऑक्टोबर २०१९ ला संपली.

१६. गार्सिया घराण्याचं राजचिन्ह विकत मिळतं. ते खरं असतं का?

स्पेनमध्ये ढालीवरचं चिन्ह आडनावाला नसतं, विशिष्ट कुळाला असतं. गार्सिया नावाच्या अनेक कुळांची चिन्हं एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत. दुकानात मिळतं ते त्यातलं एखादं उचललेलं असतं. भेट म्हणून चालेल, पुरावा म्हणून नाही.

१७. गार्सिया आडनाव असूनही मूळ वेगळंच, असं कुणाबाबत झालं आहे का?

हो, संगीतातलं प्रसिद्ध गार्सिया कुटुंब. सेव्हिलचा गायक मान्युएल गार्सिया (१७७५ ते १८३२) याचं जन्मनाव रॉड्रिगेझ होतं, गार्सिया हे त्याने पुढे लावलं. तेच नाव मुलांनी युरोपभर नेलं: मारिया मालिब्रान आणि पोलिन व्हियार्दो या दोन्ही मुली त्या काळच्या अव्वल गायिका. मुलगा मान्युएल गायन शिकवी. १८५४ मध्ये त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि गाताना हलणाऱ्या स्वतःच्या स्वरतंतू पाहिल्या. घसा तपासण्याची आधुनिक पद्धत तिथून सुरू झाली. तो १०१ वर्षं जगला.

१८. आमच्या जावयाचं आडनाव गार्सिया आहे. त्यांच्या घराण्याचं मूळ कसं शोधायचं?

नुसतं 'गार्सिया' टाकून शोधलंत तर हाती काही लागणार नाही. आधी गाव शोधा आणि प्रत्येक पिढीची दोन्ही आडनावं लिहून काढा. 'गार्सिया' शोधण्यापेक्षा त्याच्यासोबतचं विरळ आडनाव शोधलं की घर लवकर सापडतं. १८७१ नंतरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी नागरी कार्यालयात मिळतात. स्पॅनिश दाखल्यावर आईवडिलांबरोबर आजी-आजोबांचीही नावं येतात, त्यामुळे एका कागदावर तीन पिढ्या मिळू शकतात. त्याआधीसाठी चर्चची बाप्तिस्मा आणि लग्नाची पुस्तकं. अनेक गावांत ती सोळाव्या शतकापर्यंत मागे जातात. जावई फिलिपिनो असतील तर १८४९ च्या अलीकडचा आणि पलीकडचा शोध वेगवेगळा करावा लागेल, कारण त्या वर्षानंतर घरातलं आडनावच बदललेलं असू शकतं (प्रश्न १०).